विश्लेषण : पहिला की १४४ वा? कॉलेजचा क्वार्टरबॅक पारखताना एनएफएलचे संघ वारंवार का चुकतात?

२०२४ च्या कॉलेज हंगामात शदूर सँडर्सने फेकलेल्या दर १०० पासपैकी ७४ नेमके सहकाऱ्याच्या हातात पडले. अमेरिकेच्या अव्वल कॉलेज फुटबॉलमध्ये त्या वर्षी यापेक्षा अचूक कुणीच नव्हते. हिवाळ्यात अनेक जाणकारांच्या यादीत तो पहिल्या पाच खेळाडूंमध्ये होता. २०२५ च्या एप्रिलअखेर ग्रीन बे शहरात एनएफएलचा ड्राफ्ट झाला, तेव्हा पहिला दिवस गेला, दुसरा गेला, आणि तिसऱ्या दिवशी पाचव्या फेरीत क्लीव्हलंड ब्राउन्सने त्याचे नाव पुकारले. क्रमांक १४४.

त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर टेनेसी टायटन्सने निवडलेला कॅम वॉर्ड शाळेत असताना कुणाच्या खिजगणतीत नव्हता. मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याने इन्कार्नेट वर्ड या छोट्या विद्यापीठातून सुरुवात केली, मग वॉशिंग्टन स्टेट आणि शेवटी मायामी गाठले.

सँडर्स खरोखर १४४ वा आहे का आणि वॉर्ड खरोखर पहिला आहे का, यावर अमेरिकेत तेव्हा रोज तासन्‌तास चर्चा झडत होती. माझे मत असे की हा प्रश्नच अर्धवट आहे. क्वार्टरबॅक चांगला निघणार की नाही, याचे निम्मे उत्तर त्या मुलात असते आणि निम्मे त्याला उचलणाऱ्या संघात. संघ पहिल्या निम्म्यावर कोट्यवधी डॉलर खर्च करतात. दुसऱ्या निम्म्याची तपासणी कुणी करत नाही, कारण ती स्वतःचीच करावी लागते.

ड्राफ्ट आणि क्वार्टरबॅक म्हणजे नेमके काय?

एनएफएलमध्ये आयपीएलसारखा लिलाव नसतो. कॉलेजमधून बाहेर पडणारे खेळाडू ३२ संघ आळीपाळीने, सात फेऱ्यांत निवडतात. आदल्या हंगामात जो संघ तळाला, त्याची पाळी पहिली. म्हणजे सर्वोत्तम मुलगा सर्वांत वाईट संघाकडे जातो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

क्वार्टरबॅक हा मैदानावरचा सूत्रधार. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे, नाहीतर चेंडू समोरच्या संघाकडे, असा हा खेळ आहे. जवळजवळ प्रत्येक चाल याच्या हातून सुरू होते. चेंडू हातात आला की साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरच्या बचावाची रचना ओळखायची, चार-पाच सहकाऱ्यांपैकी कोण मोकळा होणार ते ताडायचे आणि तो जिथे पोहोचणार आहे तिथे चेंडू टाकायचा. अंगावर येणारे सव्वाशे-दीडशे किलोचे खेळाडू अडवायला समोर पाच जणांची भिंत असते, तिला ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. भिंत फुटली आणि चेंडू हातात असतानाच त्याला आडवे पाडले, की त्याला सॅक म्हणतात. हा शब्दही पुढे बराच येईल.

कॉलेजमधली कामगिरी एवढी फसवी का?

खेळाचे नाव एक असले तरी मैदानावरचा पेपर वेगळा असतो. कॉलेजच्या अव्वल श्रेणीत १३० हून अधिक संघ आहेत. त्यांतले मोजकेच खेळाडू पुढे व्यावसायिक होतात. त्यामुळे कॉलेजमधल्या क्वार्टरबॅकच्या समोर उभा असलेला बचावपटू बहुतेक वेळा उद्या बँकेत किंवा विमा कंपनीत नोकरी करणारा असतो. एनएफएलमध्ये समोरचे अकराच्या अकरा जण त्या चाळणीतून उरलेले असतात. कॉलेजमध्ये सहकारी दोन पावले मोकळा झाला की चेंडू टाकायचा. इथे तो मोकळा दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

नियमही वेगळे आहेत. ज्या दोन रेषांच्या दरम्यानच्या पट्ट्यातून प्रत्येक चाल सुरू होते, त्या रेषांमधले अंतर कॉलेजच्या मैदानावर ४० फूट आहे. एनएफएलमध्ये ते साडेअठरा फूट. म्हणजे कॉलेजमध्ये चाल अनेकदा मैदानाच्या एका कडेजवळून सुरू होते आणि दुसऱ्या बाजूला ऐसपैस मोकळी जागा पडलेली असते. पास टाकण्यापूर्वी लाइनच्या खेळाडूंना कॉलेजमध्ये तीन यार्ड पुढे सरकता येते, एनएफएलमध्ये एकच. या दोन यार्डांवर कॉलेजच्या कितीतरी फसव्या चाली उभ्या आहेत, ज्यांत धाव की पास हे बचावाला शेवटपर्यंत कळत नाही.

अभियांत्रिकी शिकलेल्यांना हे चटकन कळेल : ज्या परिस्थितीत मोजमाप घेतले ती आणि जिथे ते वापरायचे ती परिस्थिती वेगळी असेल, तर आकडा कितीही अचूक असला तरी तो भलत्याच गोष्टीचा आकडा असतो.

उदाहरण जोश ॲलनचे. वायोमिंग विद्यापीठात त्याच्या पासची अचूकता जेमतेम ५६ टक्के होती. एनएफएलच्या पहिल्या हंगामात ती ५३ टक्क्यांच्या खाली घसरली. आकडेवारीवर विश्वास असणाऱ्यांनी २०१८ मध्ये त्याच्यावर जवळपास फुली मारली होती. तिसऱ्या हंगामात त्याच ॲलनची अचूकता ६९ टक्क्यांवर गेली आणि २०२४ च्या हंगामाचा तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. आता सँडर्सचे ७४ टक्के पाहा आणि ठरवा, या आकड्यावरून नेमके काय सांगता येते?

मग चाचण्या कशासाठी घेतात?

ड्राफ्टआधी इंडियानापोलिसमध्ये ‘कंबाइन’ नावाची जत्रा भरते. उंची, वजन, तळहाताचा आकार, ४० यार्ड धावायला लागणारा वेळ, सगळे मोजले जाते. टॉम ब्रेडीला २००० मध्ये त्या धावण्याला ५.२८ सेकंद लागले, म्हणजे पासिंग सोडा, बस पकडण्याइतकाही वेग नाही, अशी थट्टा करण्याजोगी वेळ. तो सहाव्या फेरीत १९९ वा निवडला गेला. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक गेले होते. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले.

बुद्धीची चाचणीही असते. वर्षानुवर्षे वंडरलिक नावाची १२ मिनिटांत ५० प्रश्नांची परीक्षा घेतली जायची. कॅम्पस मुलाखतीआधी ॲप्टिट्यूड टेस्ट दिलेल्या कुणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. २०२२ मध्ये कंबाइनमधून ती बंद झाली. तिच्या जागी चर्चेत आली एस-टू नावाची संगणकावरची चाचणी. डोळ्यांनी टिपलेल्या गोष्टीवर मेंदू किती वेगाने निर्णय घेतो, हे ती मोजते म्हणे. २०२३ च्या ड्राफ्टच्या तोंडावर तिचे गुण बाहेर फुटले. ब्राइस यंग ९८ व्या शतमानावर, सी. जे. स्ट्राउड १८ व्या. फुटलेल्या सगळ्याच आकड्यांवर विश्वास ठेवू नका, असे चाचणी बनवणारे सांगत राहिले. पण चर्चा व्हायची ती झालीच. यंग पहिला निवडला गेला, स्ट्राउड दुसरा. त्या हंगामात स्ट्राउडने ४,१०८ यार्डांचे पास टाकले, २३ टचडाउन दिले आणि फक्त पाच वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला. नवोदितांचा पुरस्कार त्याला मिळाला. यंगच्या कॅरोलायना पँथर्सने १७ पैकी दोन सामने जिंकले.

अर्थतज्ज्ञ डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच तपासले होते. ज्या गोष्टींमुळे क्वार्टरबॅक लवकर निवडला जातो, त्यांचा त्याच्या पुढच्या दर चालीमागच्या कामगिरीशी फारसा संबंध नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. लवकर निवडलेल्यांना जास्त खेळायला मिळते एवढेच नक्की.

इथे एक पाचर मारलीच पाहिजे, कारण हा अभ्यास समाजमाध्यमांवर फार ढोबळपणे फिरतो. सहाव्या फेरीतला मुलगा मैदानावर उतरतो तोच मुळी सरावात त्याने काहीतरी दाखवलेले असते म्हणून. जे उतरलेच नाहीत ते आकडेवारीत येत नाहीत. पहिल्या फेरीतला मात्र खराब खेळला तरी खेळत राहतो, कारण त्याच्यावर पैसा लागलेला असतो. त्यामुळे ‘पहिला आणि शेवटचा सारखेच’ असे म्हणणेही चूक ठरेल. आपण गुणवत्ता मोजतो आहोत असे वाटत असते, प्रत्यक्षात मोजली जाते ती मिळालेली संधी.

आणि ती संधी किती योगायोगाने मिळते! ब्रेडी मैदानात आला तो २००१ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला म्हणून. ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा खेळाडू. शेवटच्या खेळाडूला तिथे गमतीने ‘मिस्टर इररेलेव्हंट’, म्हणजे ज्याच्या असण्या-नसण्याने काही फरक पडत नाही असा, म्हणतात. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या रांगेत तो तिसरा होता. पहिल्याचा घोटा मोडला, दुसऱ्याच्या पायाला फ्रॅक्चर झाले, आणि पर्डी खेळला. पुढच्याच हंगामात त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेले.

घोटा मोडलेला तो पहिला कोण? ट्रे लान्स. त्याला २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडता यावे म्हणून याच संघाने आपल्या पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या होत्या. कॉलेजात लान्सने सुरुवातीपासून खेळलेले सामने होते अवघे १७, तेही दुसऱ्या श्रेणीत. दोन वर्षांनी चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात तो डॅलसला देऊन टाकण्यात आला. एकाच संघाची, एकाच प्रशिक्षकाची ही दोन परस्परविरोधी उदाहरणे आहेत. पर्डीला सापडवल्याचे श्रेय त्यांना द्यायचे असेल, तर आधीच्या २६१ निवडींत त्याला कुणीच, त्यांनीही, घेतले नव्हते हे विसरू नये.

चूक मुलाची की संघाची?

२०१८ च्या पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले : बेकर मेफिल्ड पहिला, सॅम डार्नोल्ड तिसरा, जोश ॲलन सातवा, जोश रोझेन दहावा आणि लमार जॅक्सन ३२ वा. चार वर्षांनी निकाल स्पष्ट वाटत होता. ॲलन आणि जॅक्सन पास, बाकी तिघे फुसके बार.

आज पाहा. क्लीव्हलंडने सोडलेला मेफिल्ड दोन संघ फिरून टँपा बेला पोहोचला आणि २०२४ च्या हंगामात त्याने ४१ टचडाउन पास टाकले. न्यूयॉर्क जेट्सने टाकून दिलेला डार्नोल्ड कॅरोलायनातही चालला नाही. सॅन फ्रान्सिस्कोत वर्षभर बाकावर बसून शिकला आणि मग मिनेसोटाला त्याने १४ सामने जिंकून दिले. २०२५ च्या मार्चमध्ये सिएटलने त्याच्याशी तीन वर्षांचा दहा कोटी डॉलरचा करार केला. उजवा हात तोच आणि डोके तेच. बदलले ते आजूबाजूचे लोक.

रोझेनची गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. ॲरिझोनाने त्याला घेतले, हंगामाच्या मध्यावरच आक्रमणाचा प्रशिक्षक काढला, हंगाम संपताच मुख्य प्रशिक्षकही काढला. नव्या प्रशिक्षकाला स्वतःच्या पसंतीचा क्वार्टरबॅक हवा होता. लगेच पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर कायलर मरे आला आणि रोझेन मायामीला रवाना. नंतर तो संघामागून संघ हिंडला, कुठेच रुजला नाही. तो मुळात चांगला होता का? कदाचित नसेलही. पण ॲरिझोनाने ते शोधण्यासाठी जेमतेम एक हंगाम दिला, तोही साखळीतल्या सर्वांत दुबळ्या संघात. एवढ्यावर २२ वर्षांच्या मुलाच्या कपाळावर शिक्का बसतो आणि तो पुसायची संधी डार्नोल्डसारखी प्रत्येकाला मिळत नाही.

आता मघाचे वाक्य आठवा : सर्वोत्तम मुलगा सर्वांत वाईट संघाकडे जातो. डेव्हिड कार हा २००२ चा पहिला खेळाडू. ह्यूस्टनच्या नव्याकोऱ्या संघात त्याला पहिल्याच हंगामात ७६ वेळा सॅक केले गेले, हा आजही विक्रम आहे. ब्राइस यंग २०२३ मध्ये ६२ वेळा आडवा झाला. केलेब विल्यम्स २०२४ चा पहिला. शिकागोत ६८ वेळा. यंगचा मुख्य प्रशिक्षक ११ सामन्यांनंतर गेला. विल्यम्सचा आधी आक्रमणाचा प्रशिक्षक आणि मग मुख्य प्रशिक्षक, दोघेही हंगाम संपण्याआधी गेले.

सॅकचे सगळे खापर भिंतीवर फोडता येत नाही, हेही खरे. काही क्वार्टरबॅक चेंडू गरजेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवतात आणि ही खोड कॉलेजमधून त्यांच्याबरोबर येते. विल्यम्सवर हा आरोप आहेच. सँडर्सवरही आहे. कोलोरॅडोत दोन हंगामांत तो ९४ वेळा सॅक झाला. त्याची लाइन कच्ची होती, पण सगळ्याच वेळा दोष तिचा नव्हता. माझ्या मते त्याच्या ७४ टक्क्यांपेक्षा हा ९४ चा आकडा संघांनी गंभीरपणे घेतला असेल तर ते बरोबरच होते. मुलाखतींत त्याची छाप पडली नाही, वडील डिऑन सँडर्स फार बोलतात, असल्या कारणांना मात्र किती वजन द्यायचे? तिथे पारख संपते आणि आवडनिवड सुरू होते.

पूर्वग्रहांचे काय?

ही आवडनिवड निरुपद्रवी नाही. वॉरन मूनने १९७८ च्या सुरुवातीला वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोल जिंकून दिला, तरी त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीही घेतले नाही. कृष्णवर्णीय खेळाडू क्वार्टरबॅकचे डोके चालवू शकत नाही, त्याने जागा बदलावी, ही तेव्हाची उघड समजूत होती. मून कॅनडात गेला, एडमंटनकडून सलग पाच अजिंक्यपदे जिंकली, १९८४ मध्ये एनएफएलमध्ये आला आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला.

ही जुनी गोष्ट वाटते? २०१८ मध्ये हाइझमन करंडक जिंकून आलेल्या लमार जॅक्सनने रिसीव्हर व्हावे, असा जाहीर सल्ला एनएफएलचे नावाजलेले माजी व्यवस्थापक बिल पोलियन यांनी दिला होता. जॅक्सन पुढे दोनदा साखळीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्याला ३२ व्या क्रमांकापर्यंत थांबावे लागले, पण त्यामुळे तो बाल्टिमोरसारख्या घडी बसलेल्या संघात गेला. त्या संघाने त्याच्या धावण्याभोवती सगळे आक्रमण नव्याने बांधले. वर गेला असता तर? क्लीव्हलंड किंवा जेट्समध्ये?

संघांनी करायचे काय?

पहिले म्हणजे स्वतःच्या नजरेवरचा भरवसा कमी करायचा. केड मॅसी आणि नोबेल विजेते रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टच्या आकडेवारीतून दाखवले की, एकाच जागेवर खेळणाऱ्या लागोपाठच्या दोन निवडींपैकी आधी निवडलेला खेळाडू सरस ठरण्याची शक्यता ५२ टक्के असते. नाणेफेकीपेक्षा दोन टक्के जास्त. तरीही संघ एक-दोन जागा वर सरकण्यासाठी पुढच्या कित्येक वर्षांच्या निवडी उधळतात. २०१७ मध्ये शिकागोने तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी जास्तीच्या निवडी मोजल्या आणि मिचेल ट्रुबिस्की घेतला. पॅट्रिक महोम्स दहाव्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता.

पँथर्सचा सौदा तर त्याहून महाग. यंगसाठी त्यांनी शिकागोला दिलेल्या निवडींपैकी एक पुढच्या वर्षी पहिल्या क्रमांकाची ठरली, कारण पँथर्सच तळाला गेले. वर त्यांनी आपला सर्वोत्तम रिसीव्हर डी. जे. मूरही दिला. पास झेलणारा देऊन टाकायचा आणि पास टाकणारा आणायचा! पूल बांधायला सिमेंट घेतले आणि त्यासाठी सळया विकल्या.

दुसरे, थांबायचे. ॲरन रॉजर्स २००५ मध्ये २४ वा गेला आणि ग्रीन बेमध्ये तीन वर्षे ब्रेट फाव्हरच्या मागे बसला. त्याच वर्षीचा पहिला खेळाडू ॲलेक्स स्मिथ याला सॅन फ्रान्सिस्कोत सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ दर हंगामाला नवा आक्रमण प्रशिक्षक मिळाला. दरवेळी नवी भाषा, नवी पाटी. त्यालाही फुसका बार ठरवून झाले होते. पुढे अँडी रीडच्या हाताखाली कॅन्सस सिटीत तो उत्तम खेळला आणि महोम्स पहिले वर्ष ज्याच्या मागे बसून शिकला, तो हाच स्मिथ.

पण थांबणे परवडत नाही, ही खरी अडचण आहे. २०११ च्या करारापासून नवोदितांचे पगार ठरलेले असतात. पहिल्या क्रमांकालाही चार वर्षांचे मिळून पाच कोटी डॉलरच्या आसपास मिळतात. प्रस्थापित क्वार्टरबॅक महाग असतो. डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटचा करार वर्षाला सरासरी सहा कोटींचा आहे. त्यामुळे मुलगा स्वस्त आहे तेवढ्या चार वर्षांतच जिंकायचे, असे गणित प्रत्येक मालक मांडतो. बाकावर बसवलेले वर्ष त्याला वाया गेलेले दिसते. त्यात व्यवस्थापक आणि प्रशिक्षक यांची खुर्ची दोन हंगामांवर टांगलेली. ज्याला पुढच्या डिसेंबरपर्यंत नोकरी टिकवायची आहे, तो तीन वर्षांनी पिकणाऱ्या झाडाला पाणी कशाला घालेल?

ब्राइस यंगलाही २०२४ मध्ये दोनच सामन्यांनंतर बाकावर बसवले होते. मग ज्येष्ठ क्वार्टरबॅक अँडी डाल्टनच्या मोटारीला अपघात झाला, त्याचा अंगठा दुखावला आणि यंगला पुन्हा उतरवावे लागले. उरलेला हंगाम तो वेगळाच खेळाडू दिसला. तो अंगठा शाबूत राहिला असता, तर यंगचे नाव आज कोणत्या यादीत असते?

आता नजर कशावर ठेवायची?

टायटन्सने २०२४ च्या हंगामात तीनच सामने जिंकले. २०२५ च्या हंगामात वॉर्डने किती टचडाउन दिले यापेक्षा तो किती वेळा सॅक होतो आणि त्याचा तेव्हाचा मुख्य प्रशिक्षक ब्रायन कॅलहन हंगामअखेर त्याच खुर्चीत असतो का, या दोन गोष्टी मला पाहायच्या होत्या.

सँडर्सचे कोडे जास्त अवघड. ब्राउन्सने त्याच्याआधी तिसऱ्या फेरीत डिलन गॅब्रिएल हा दुसरा क्वार्टरबॅक घेतला होता. ड्राफ्टच्या वेळी, २०२५ मध्ये, त्यांच्या पुढे रांगेत जो फ्लॅको आणि केनी पिकेट होते, आणि जखमी डेशॉन वॉटसनचा भलामोठा करार तेव्हा संपायचा होता. सराव शिबिरात प्रत्येकाच्या वाट्याला मोजकेच पास येणार होते आणि पाचव्या फेरीतल्या मुलाला सर्वांत कमी. १९९९ पासून या संघाने सुमारे ४० वेगवेगळ्या क्वार्टरबॅकना सुरुवातीपासून खेळवून पाहिले आहे. सँडर्सची पारख हा संघ करणार होता.